दर्भाचा कावळा चालणार न्हाई

हॅलो?… हॅलो! कोण?… जोरात बोला, इथं जिनाचा पट्टा चालू हाय… हो, हिंगोलीच. कापसाचं जिन… कोण पाहिजे?… सोनाजी? मीच सोनाजी…

कोण, मंजुळा? मंजे, तू व्हय! काहून रडून राहिलीस?… कोण मेलं?… मी?

मी कवा मेलो?… अगं येडे, मेलेला माणूस फोनवर येतो का? मुनीमजी जित्या माणसाला हात लावू देत न्हाईत यंत्राला, भुताला देतेत व्हय?… न्हाई, न्हाई, माझ्या आवाजात दुसरं कोणी बोलून न्हाई राहिलं. खूण सांगू? तुझ्या लग्नात नवरदेवाच्या जोड्यात बेडूक कोणी ठेवला व्हता?… पटलं?… दे. दे शिव्या. पोटभर दे. परभणीहून आलेल्या हायेत, गोडच लागतेत.

कुठून बोलून राहिलीस?… वकीलसाहेबाच्या घरून? त्यांच्या चुलीवर काय ठेवून आलीस?… काढ मग आधी खाली… बरं, राहू दे, करपू दे. तुला सांगितलं कोणी?… गाडीवान? गोरेगावच्या बाजारातला?… काय म्हणला?… "सोनाजीच्या घरचं दहावं हाय, सोनाजीनं मिशी काढली." अगं, मीच मेलो असतो तर मिशी मीच कशी काढली असती?

हो, मिशी खरंच काढली… हो, सगळी. तिचंच दुःख हाय बघ. आरशात पाहिलं की सासूबाई दिसून राहिल्या.

न्हाई, घरात कोणी गेलं न्हाई. पोरं बराबर हायेत. तुझी भावजय बराबर हाय, दोन दिसांपासून बोलत न्हाई, म्हंजे लईच बराबर हाय… मग दहावं कुणाचं? सांगतो. बसलीस का?… बस आधी.

नारूचं.

नारूचं गं. पायात निघतो तो किडा. माझ्याच डाव्या पोटरीतला… हॅलो? हॅलो, मंजे?… आहेस ना? मला वाटलं लाइन गेली… अभद्र काय त्यात? वर्षभर माझ्या अंगात राहिला, माझंच रक्त प्याला, भाडं दिलं न्हाई. त्याचं दहावं मी न्हाई करणार तर कोण करणार?

कसा निघाला, सांगू? जेवली न्हाईस ना अजून?… मग ऐक ना. आधी फोड आला. फुटला. आन त्यातून दोऱ्यावानी पांढरं तोंड बाहेर. मग काडीला गुंडाळायचं, रोज थोडं थोडं. ओढला की तुटतो, आन तुटला की पाय सडतो. हातभर निघाला. शेवई शिजल्यावर असती ना, तसा… ओकारी आली? येऊ दे. मला त्याची न्हाई आली. मला ओकारी येती ती आपल्या वाडीच्या बारवेची.

व्हय, पाटलाचीच बारव. पायऱ्या उतरून पाण्यात जायचं, तीच. नारू निघाला की आग व्हती, मग माणूस पाय बुडवून बसतो पायरीवर. तिथंच नारू पाण्यात पिल्लं सोडतो. तिथंच गुडघाभर पाण्यात उभ्या राहून बाया घागरी भरतेत. त्याच घागरीतलं देवाला घालायचं, आन तीर्थ म्हणून प्यायचं. थुः! लहानपणापासून सगळ्या गावाच्या पायाचं तीर्थ पिऊन राहिलो आपण, मंजे. तू बी. लई गोड पाणी म्हणून माहेरची आठवण काढत असतीस ना तू? काढ आता.

अगं ऐक तर… हो, हो, मुनीमजी, झालंच. बहीण हाय. मला मेलेला समजून रडून राहिली… बघ, मुनीमजी म्हणून राहिलेत, चांगलं रडू दे.

तर काय झालं, हैदराबादेत कानून करायचा विचार हाय. गावोगावच्या बारवांच्या पायऱ्या बुजवायच्या, वर कठडा घालायचा, रहाट लावायचा. पाण्याला कोणाचा पाय लागला न्हाई पाहिजे. म्हणून एक डाक्टर गावोगाव फिरून राहिले. लोकांना कानून पाहिजे का न्हाई, ते इचारून वर कळवायचं. लोक न्हाई म्हणले की कागद गेला फळीवर… अगं पण लोकांना इचारतंय कोण? डाक्टर उतरतेत किसनराव पाटलाच्या ओसरीवर. पाटील म्हणले, "आमच्या लोकांना न्हाई पाहिजे. बारव पूर्वजांची, पायरी बुजवणं म्हंजे पाप." पाप कशाचं? खालच्या पायरीवर पणज्याच्या नावाचा दगड हाय, तो झाकतो. त्या दगडावर बसून म्हशी मुततेत, ते पाटलाला चालतं!

म्हणून आमी ठरवलं, चावडीपुढं सभा घ्यायची. आमचा जमील पिंजारी… हो, मदीनाबीचा नवरा, तुझ्या गाद्या त्यानंच पिंजल्या व्हत्या… त्यानं गावात डफ वाजवला. एवढंच. "पाण्यासाठी सभा हाय, या." झालं! पोलिसाचे अमीनसाहेब आले. "इजाजत किधर है?" सरकारचा गश्ती हुकूम हाय ना, इजाजतीबिगर सभा न्हाई, तकरीर न्हाई, भाषण न्हाई. इजाजत मागायला गेलो तर म्हणले, इचार करू. डाक्टर यायचे सोमवारी, यांचा इचार व्हायचा दिवाळीला. आन जमीलला घातलं आत, चावडीतल्याच कोठडीत. डफासकट!

आन मंजे, जमीलच्या पायात नारू अर्धा बाहेर, अर्धा आत. काडी लटकून राहिलेली. मदीनाबी दारात बसून व्हती दोन दिस. म्हणायची, मला आत जाऊ द्या, काडी तरी फिरवते. न्हाई म्हणले. आत धक्काबुक्कीत तो तुटला असता तर? माणूस लंगडा झाला असता जलमाचा. डफ वाजवला म्हणून! किळस नारूची येती म्हणतीस ना, मला ह्या लोकांची येती.

हां, हसून राहिले का वकीलसाहेब… जवळच बसलेत का? ऐकून राहिलेत?… रामराम सांग. त्यांना इचार, दहाव्याला इजाजत लागती का?… बघ! न्हाई लागत ना? मला बी तेच सुचलं.

गेलो अमीनसाहेबाकडं. मिशी काढून. तोंड एवढंसं करून. "हुजूर, घरात मौत झाली." साहेब उठून उभे. "कौन गुजर गया?" म्हणलं, "माझ्याच रक्तामासाचा, हुजूर." "उमर क्या थी?" "वर्षाचा बी न्हवता पुरा." साहेबाच्या डोळ्यात पाणी, मंजे! माझ्या पाठीवर हात ठेवला… हो गं, मला बी वाईट वाटलं. चार पावलं चालेपर्यंत.

सोमवारी सकाळी बारवेच्या काठावर पिंड मांडला. भटजी येईना, मीच मांडला. आख्खी वाडी जमली. घरटी एक तरी पाय सडलेला, कोण न्हाई येणार? आन वरून डाक्टर, पाटील, अमीनसाहेब, तिघं बारव बघायला बराबर आले… योगायोग काहून असंल? डाक्टरचा गाडीवान माझा दोस्त हाय.

आता तुला ठाव हाय, कावळा शिवला न्हाई तर काय करतेत? मेलेल्याची इच्छा राहिली म्हणतेत. मग एकेकानं पुढं व्हायचं, हात जोडायचे, मोठ्यानं बोलायचं. तुझं लेकरू सांभाळू, तुझं वावर सांभाळू. इच्छा सापडली की कावळा शिवतो… बराबर. तर गोजरबाई उठली. हात जोडले. "बाबा नारू, माझी सून तुझ्यापायी खाटेवर हाय. रहाट लावू, पाण्यात पाय घालणार न्हाई, तू पुन्हा येऊ नको!" कावळा लिंबावर. हलला न्हाई. दुसरा उठला. "पायऱ्या बुजवू!" कावळा गप. मग जे सुरू झालं! बाया, म्हातारे, सगळे. अमीनसाहेब ओरडले, "ये तो तकरीर है!" म्हणलं, "न्हाई हुजूर, माणसाशी कोणी बोलतच न्हाई. कावळ्याशी बोलून राहिले." डाक्टर आपले लिहून राहिले, लिहून राहिले.

कावळा कसा काय थांबला?… हळू बोलतो. मुनीमजी ऐकून राहिलेत. पहाटंच टोपलंभर भाकरीचा काला घातला व्हता मी कावळ्यांना. सगळ्यांचं बोलून व्हईपर्यंत त्यांना भूक न्हाई लागली पाहिजे… हुशार कशाचा? तिथंच फसलो ना! दूधगूळ बी घातला त्यात. कावळे सुस्त! सगळ्यांचं बोलून झालं, ऊन डोक्यावर आलं, एक हलंना. आन मग मंजे… लोक खरंच भ्याले. नारूची इच्छा राहिली म्हणे. पुन्हा येणार म्हणे, घरोघर येणार. चेष्टेत आलेल्या बाया रडायला लागल्या. सांगू कसं, की कावळे जेवलेत?

उठून जाता येईना. कावळा शिवल्याबिगर कोणी जेवायचं न्हाई, घोट घ्यायचा न्हाई, घरी जायचं न्हाई. अमीनसाहेब म्हणले, पांगा. कोण पांगतंय?

तवा पाटील म्हणले, "दर्भाचा कावळा करा, लावा पिंडाला, मोकळे व्हा." रीत हाय खरी. केला बी भटजीच्या पोरानं, लगेच. तशी गोजरबाई पुढं. "दर्भाचा कावळा चालणार न्हाई! इतकी वर्सं तोच चालून राहिला. आमी बसलो लिंबावर, आन आमच्या नावानं पाटील जाऊन शिवून येतेत. लोकांना न्हाई पाहिजे म्हणून सांगतेत!"… अगं, मी न्हाई शिकवलं! आईशपथ. मला सुचलं असतं तर मीच बोललो असतो ना… पाटील? पाटील पणज्याचा दगड बघून राहिले. मग म्हणले, "बुजवा पायऱ्या." हळूच. डाक्टर म्हणले, "जरा मोठ्यानं." पुन्हा म्हणायला लावलं!

तरी कावळा हलंना. मग उठली मदीनाबी. तिच्यात न्हाई हे कावळ्याचं. पण उठली. पदर डोक्यावर घेतला, आन कावळ्याकडं बघून न्हाई बोलली. अमीनसाहेबाकडं बघून बोलली. "मेरे आदमी का पाँव सड़ रहा है. उसको छोड़ो." बस. सगळं गाव अमीनसाहेबाकडं बघून राहिलं.

साहेबाचा घसा सुकला व्हता. पाणी मागितलं. दुसरं कुठलं असणार? बारवेचंच आणलं, लोटाभर. डाक्टर म्हणले, "थांबा." फडक्यातून गाळलं, फडकं उन्हात धरलं, वर भिंग धरलं. "बघा." साहेबांनी बघितलं. वळवळून राहिलेलं, बारीक बारीक. तीन उन्हाळे तेच पाणी पिऊन राहिले व्हते साहेब. एकदम लिंबामागं गेले… हो, ओकले. वाडीनं मान वळवली, आदबीनं. परत आले, तोंड पुसलं, आन शिपायाला म्हणले, "छोड़ दो उसको."

आला ना! लंगडत आला, डफ काखेत. काडी तशीच पायाला. न्हाई तुटला गं, वाचला! उन्हानं, तहानेनं येडा झालेला. कोणाकडं बघितलं न्हाई, सरळ बारवेवर गेला आन जलमाच्या सवयीनं पहिल्या पायरीवर पाय टाकला. आन आख्खं गाव ओरडलं, मंजे! "ए! वर! पाय वर!" त्या आवाजानं लिंबावरचे सगळे कावळे उडाले. त्यातला एक सुस्त, त्याला उडवंना, तो पडला थेट पिंडावर.

शिवला म्हण का आपटला म्हण. डाक्टरनी लिवलं, लोकांना पाहिजे.

कानून?… कवा व्हईल कोण जाणे. हैदराबादेतले कावळे आपल्याहून जास्त जेवलेले असतेत. पण वरच्या पायरीवर बोरीच्या काट्या लावल्यात आमी. दोरीनं पाणी काढून राहिलो… हो, पाटलाच्या घरचे बी.

थांब जरा… काय मुनीमजी?… कोण आलं?… मंजे, अमीनसाहेब आलेत फाटकात. दोन शिपाई घेऊन… आता कशाचं भ्यावं? कळलंच ना त्यांना बारवेवर, की मौत हातभर लांब व्हती. परवा ते म्हणले बी, आता दहाव्याला बी इजाजत लागंल. मरायला बी अर्ज द्यावा लागणार… रडू नको. ऐक. वकीलसाहेबाला सांग, ऐकत तर हायेतच ते… येतेत? उद्याच्या गाडीनं? खरं?… त्यांना म्हणावं, येताना जाड फडकं आणा, दुपदरी. कोठडीतल्या माठात बी बारवेचंच पाणी असतं. तिथं दुसरे बी लोक हायेत.

आलो, हुजूर, आलो. बहीण हाय फोनवर… बसा ना. बसा, ऊन लई हाय. पाणी? तिथं माठ हाय, लोटा वर हाय…

मंजे. ए मंजे, थांब, ठेवू नको… अगं बघ ना… तुला कसं दिसणार… साहेबांनी खिशातून रुमाल काढला. घाम पुसायला न्हाई गं… लोट्याच्या तोंडाला लावला. घडी घालून. गाळून पिऊन राहिले.

प्या हुजूर, सावकाश प्या. मी थांबतो… ठेवतो गं. भाजी बघ, करपली.