फुगा फुगला न्हाई

मी मूळची कंधारची, अब्बा शिलाई करायचे, मलाबी तेच आलं, लगीन होऊन नांदेडला आले, पुढं मालक वारले, लेकी आपापल्या घरी गेल्या, मग एकटीनं मशीन किती चालवायची म्हणून एका संस्थेत नाव दिलं. पगार न्हाई, सेवा. दवाखान्यात जळालेल्या बायांपाशी बसायचं, पाणी पाजायचं, घरच्यांना धीर द्यायचा.

काय सांगू तुम्हाला, तीन वर्षं निभावलं. मग नायगावकडची एक पोरगी आली, लग्नाला वर्षबी झालं नव्हतं, सारखी म्हणायची, मावशी, माझ्या आईला सांगू नका, आई घाबरंल. आई पोचायच्या आधीच पोरगी गेली, अन् त्या आईला दारात मीच सांगितलं, एकटीनं. ती माय माझ्या अंगावरच कोसळली. तवापासून मी गॅस पेटवणंच टाळायची, शिळंपाकं खाऊन दिवस काढायची.

हापिसात म्याडमला म्हणलं, दोघी-दोघींना पाठवा, अन् कुणी दगावलं की आठ दिवस तरी दुसरं काम द्या. म्याडम म्हणल्या, शमीमआपा, तुमच्यासाठीच शिबिर ठेवलंय, ताण कसा घालवायचा, पुण्याहून सर येऊन राहिलेत.

गेले. सरांनी सगळ्यांना एक-एक फुगा दिला, म्हणले, मनातलं दुःख ह्यात भरा अन् फोडा. फटाफट फुटले, लोकं हासले, फोटो झाले. माझा फुगलाच न्हाई, दमच पुरंना. सर म्हणले, आपा, नकारात्मक राहू नका. मग मी उभीच राहिले, म्हणलं, सर, त्या वार्डात एक दुपार बसून या, मग मी दहा फुगे फुगवते. म्याडमनी माईक घेतला अन् चहाची सुट्टी केली.

चौथ्या दिवशी संस्थेच्या व्हाट्सप ग्रुपातून माझं नाव काढलं. म्याडमला फोन केला तर म्हणल्या, तुम्हाला आरामाची गरज हाय, आम्ही तुमची काळजीच घेऊन राहिलोत. आठ दिवस मागितले होते हो मी. घरी बसवा कुठं म्हणलं होतं?

आता माझ्या जागी सुनंदाबाई जातात, रिटायर मास्तरीण, त्याबी एकट्याच. परवा भाजी घेताना भेटल्या, डोळे खोल गेलेले. घरी आणलं, चहा दिला, तासभर रडल्या, मी पाठीवरून हात फिरवत बसले. आता दर जुम्म्याला येतात. अल्ला त्यांना ताकद देवो, त्या जळालेल्या लेकींना सुकून देवो. संस्थेवाल्यांसाठीबी दुवा मागावी म्हणते, पण तोंडातून निघत न्हाई.