हप्त्याची रंगीत तालीम

हॅलो?… हां, बोल गं छोटे. दवाखान्यातच आहे. नाही, बोल तू, डॉक्टर आत कुणाची तरी दाढ काढतायत. दाढ ऐकत नाहीये, म्हणजे बराच वेळ आहे…

काय?

कोण आलं होतं तुझ्याकडे?… बँकेचा माणूस? आज? अगं, तो तर उद्या येणार म्हणाला होता! मी तुला संध्याकाळी सांगणारच होते… हो, जेवताना… हो, तुझ्याकडेच, जेवताना…

अगं ऐक ना… ऐकून तर घे… हमीपत्र दाखवलं त्यानं?… आणि तू वाचलंस? मोठ्यानं? सासूबाईंसमोर?

बरं… मग सही केलीस का?

नाही, सहज विचारलं. ओरडू नकोस.

अहो आजोबा, बसा ना. पुढचा नंबर तुमचाच. आत्तापासून तोंड उघडून बसायची गरज नाही…

नाही गं, तुला नाही. पेशंट आहेत एक.

हे बघ, पहिल्यापासून सांगते. त्या नव्या फ्लॅटसाठी लोन मागितलंय, ते तुला माहीतच आहे. बँकेला आमचं सगळं पसंत होतं. ह्यांची शाळेतली नोकरी पसंत, माझी इथली पसंत, फ्लॅटही पसंत. फक्त खात्याचं स्टेटमेंट बघून साहेब अडखळले. म्हणाले, बाई, पगार जमा होतो, त्यातला बराचसा दुसऱ्या खात्यात जातो, आणि मग पुढचा पगार येईपर्यंत काहीच घडत नाही. तुमच्या घरात कुणी राहतं का?

तीच ती तालीम गं! तुझ्या भावोजींची… तुला सांगितलं होतं की. गणिताच्या मास्तरशी लग्न केलं की काय होतं, बघ. म्हणाले, लोन मिळण्याआधी वर्षभर हप्ता भरायची रंगीत तालीम करायची. समजायचं की लोन झालंय, आणि दर महिन्याला तेवढे पैसे बाजूला टाकायचे. उरेल त्यात घर चालवायचं… हो, तेव्हा तूही म्हणालीस, भावोजी किती दूरदृष्टीचे… म्हणालीस, मला आठवतंय.

उरत काय होतं?… काही नाही. तीच तर गंमत होती.

अगं, नाही! तालमीसाठी तुझ्याकडे यायचो असं कसं म्हणतेस? मला तुझी आठवण यायची म्हणून यायचो… रोज येते. खरंच येते! आता आठवण आणि भूक एकाच वेळी आली, तर त्यात माझा काय दोष?

कपड्यांचं वेगळं. तुझं मशीन नवं आहे, ते सतत वापरात राहिलेलं बरं असतं, असं हे म्हणाले… मोबाइलचे चार्जर आमची चिमीच आणायची तुझ्याकडे. मुलं काय, घरात जे ऐकतात ते करतात.

आजोबा, तुम्ही ते मासिक वाचा बघू. जुनं असलं म्हणून काय झालं, दात तेच आहेत.

हां, बोल… घरी आला होता ना, मागच्या आठवड्यात, तोच माणूस. घर बघायला. आता आला तर आला, पाणी मागितलं त्यानं. थंड मागितलं! चिमीनं पाहुणा म्हणून मोठ्या तोऱ्यात फ्रिज उघडला. आत काय? वरच्या कप्प्यात भूगोल, मधल्या कप्प्यात इतिहास, खाली भाजीच्या खणात रंगपेट्या… अगं, मग ठेवणार कुठे? ती झोपते फ्रिजला पाय लावून, तिला स्वतःची खोली आहे का? कपाट आहे का? आणि फ्रिज तर आम्ही केव्हाच बंद केलाय. विजेचं बिल वाचतं… हसू नकोस. तो नाही हसला. त्यानं वहीत लिहिलं. मग स्वयंपाकघरात डोकावला. शेगडीवर ह्यांचे तपासायचे पेपर. तेही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं दोघांना. म्हणाले, आमचा कॉम्प्युटर म्हणतो की एक तर तुम्ही चोरून कमावता, नाहीतर तुम्ही जेवत नाही. दोन्ही आमच्या नियमात बसत नाही. मी ह्यांचा पाय दाबला टेबलाखाली. म्हटलं, गप्प बसतील. तर हे उभे राहिले, वर्गात राहतात तसे, आणि म्हणाले, आम्ही मेहुणीकडे जेवतो!

हो. असंच. अभिमानानं.

अगं, मलाही तेच वाटलं, की आता हाकलणार. पण साहेबांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! म्हणाले, अहो, मग आधी का नाही बोललात? प्रश्नच मिटला! खर्चाच्या रकान्यात शून्य टाकलं, बटण दाबलं, आणि दोन बेडरूम मंजूर. पार्किंगसकट! आमच्याकडे गाडी नाही म्हटलं, तर म्हणाले, तुम्हाला परवडेल… आधी आम्ही साधारण खर्च धरून विचारलं होतं तेव्हा एकच बेडरूम म्हणत होते. तीच बँक, तोच पगार. जेवलो तर एक बेडरूम, न जेवता दोन.

फक्त एक अट घातली. खर्च असाच शून्य राहायला हवा. लोन फिटेपर्यंत. म्हणून ते हमीपत्र, की तोवर तू आम्हाला जेवू घालशील.

वीस वर्षं… हो, लिहिलंय तसं. पण छापील भाषा असते गं ती, तिच्याकडे इतकं बारकाईनं बघायचं नसतं… दोन्ही वेळचं नाही काही! दुपारी आम्ही डबा नेतो…

हो. तोही तुझ्याकडूनच नेतो.

वारसांचं काय?… ‘सदर जबाबदारी वारसांवर बंधनकारक राहील.’ बरं, मग? तसं सगळ्याच कागदांत असतं… नाही गं, तुला मूल झालं तर ते मोठं होऊन आम्हाला जेवू घालत बसणार आहे का? तोवर आमचे दात तरी राहतील का? इथं बसून रोज बघते मी…

आजोबा, तुम्हाला नाही म्हणाले.

छोटे, एक लक्षात घे. उद्या शेवटचा दिवस आहे. बिल्डरनं सांगितलंय, उद्या बँकेचं पत्र नाही आलं तर तो दोन बेडरूमचा फ्लॅट दुसऱ्याला. चिमीनं भिंतीचा रंग ठरवलाय गं. खिडकीत उभी राहून सांगत होती, इथं टेबल, इथं दिवा. दार तीनदा लावून बघितलं तिनं. आतून. तिला आयुष्यात पहिल्यांदा दार मिळतंय.

म्हणून म्हणते, सही कर. नुसती सही. वीस वर्षं कोण येतंय जेवायला? तालीम संपली की आम्ही आपलं…

हं, तेही खरं. तालीम संपली की खरा हप्ता सुरू होणार.

हॅलो?… आहेस ना? बोल की काहीतरी.

काय?… कुणाचं लोन?

तुमचं?

तुम्ही कधी अर्ज केला होता?… उन्हाळ्यात? आणि मला बोलली नाहीस? सख्खी बहीण ना तुझी मी!… नाकारलं? तुमचं कसं नाकारतील? तुझ्या नवऱ्याला माझ्या नवऱ्याच्या दीडपट पगार…

किराणा?

म्हणजे?… हळू सांग… तीन माणसांच्या घरात सहा माणसांचा किराणा. विजेचं बिल सहा माणसांचं… कॉम्प्युटर म्हणाला, खर्चिक कुटुंब. हात सैल. हप्ता परवडणार नाही.

कुठल्या बँकेत?… त्याच? टक्कल पडलेले, सारखं पेनचं टोपण चावतात तेच साहेब?

म्हणजे त्यांच्या एकाच टेबलावर तुझा किराणा जास्त झाला आणि माझा शून्य झाला. आणि दोन्ही खरं धरलं त्यांनी.

आजोबा, अहो तुम्ही मध्ये बोलू नका… आजोबा म्हणतायत, सही करू नको म्हणावं बहिणीला. दुसऱ्यांचे फोन ऐकतात आणि वर सल्ला देतात.

मला का नाही सांगितलंस?… कसं सांगणार म्हणजे? सरळ सांगायचं! ताई, उद्यापासून…

हं.

नाही, बरोबर आहे. समोर ताट घेऊन बसलेल्या बहिणीला कुणी कसं सांगणार.

एक विचारू? तुझा नवरा हल्ली जेवताना सारखा ‘मला भूक नाही’ म्हणतो ना… ते तेव्हापासूनच का?

आणि मी त्याला म्हणत होते, छान बारीक झालात. वर त्याच्या वाट्याचं चिमीला वाढत होते… नाही, तू वाढत होतीस, मी ताट पुढे करत होते.

नको, उगाच समजूत घालू नकोस माझी. मीच घालायला हवी तुझी. मोठी मी आहे. निदान वयानं.

रडत नाहीये मी. दवाखान्यात औषधाचा वास असतो, त्यानं होतं असं.

छोटे, ऐक. सही करू नकोस… हो, नीट ऐकलंस. तो कागद फाडू नकोस, परत लागला तर साहेब पुन्हा छापायचे पैसे लावतील, पण सही करू नकोस. आणि आज रात्री तुम्ही तिघं आमच्याकडे या. जेवायला.

आमच्याकडे! तुला उलगडून सांगायला हवं का? आमच्या घरी. मी रांधणार, तुम्ही जेवणार… करेन की काहीतरी. अंडी आणते, ब्रेड आणते, सासूबाईंसाठी मऊसं सूप करते… येतं मला! वर्षभरात कुणी सूप विसरतं का?

सिलिंडर भरलेला आहे. वर्षभर हात लावलेला नाही, नव्यासारखा आहे. ह्यांना सांगते, पेपर उचला शेगडीवरून. फ्रिज चालू करते. भूगोल बाहेर काढते… हो, कार्डानंच घेणार सामान. बँकेसाठी नाही गं!… बरं, थोडं बँकेसाठी. पण जास्त तुमच्यासाठी. खात्यावर दिसू दे तरी, आम्ही जिवंत आहोत ते.

मोठं पातेलं? आहे आमच्याकडे. तुझंच आहे. मागच्या थंडीत डबा म्हणून नेलं होतं.

तू काही आणू नकोस… म्हटलं ना, काही आणू नकोस! तीन ताटं मात्र आण. आमच्याकडे तीनच आहेत. आणि लायटर… थांब थांब.

थांब जरा, दुसरा फोन वाजतोय मध्येच… साहेबांचाच आहे. बँकेतून.

तू सही केलीस का, तेच विचारणार. दुसरं काय.

माहीत आहे मला. खरं सांगितलं की एक बेडरूम जाणार… चिमीला काय सांगू, ते बघते मी. निदान रंग तरी तसाच देता येईल. भिंत कुठली का असेना. दाराचं मात्र… दाराचं काय करायचं ते कळत नाही.

नाही, नाही. तू नको सही करू. मी ठरवलंय. आणि तुझ्या नवऱ्याला सांग, आज दुसऱ्यांदा वाढून घ्यायचंच. ताईची आज्ञा आहे म्हणावं… हो. हो गं… मलाही. बरं, ठेव आता, नाहीतर साहेब फोन कापतील. ठेव, ठेव…

हॅलो?… नमस्कार साहेब. हो, मीच… नाही, तिनं नाही केली. करणारही नाही… नाही साहेब, भांडण वगैरे काही नाही. आमच्या अर्जात एक चूक झाली होती, तेवढी दुरुस्त करायची आहे… खर्चाच्या रकान्यात. तिथं शून्य आहे ना, ते खोडा.

लिहा. आम्ही जेवतो.

हो, तिघंही… रोज, साहेब. दोन वेळा. मुलगी मधल्या वेळेतही मागते… आणि माझ्या बहिणीच्या अर्जातला निम्मा किराणा आमचा आहे. तो तिकडून काढा आणि इकडे धरा. तुमचं एकच टेबल आहे, तुम्हाला जमेल… कॉम्प्युटर नाही म्हणतो? तुम्ही काय म्हणता?… नाही, पार्किंग नको. एकच बेडरूम चालेल. तिला दार असेल ना पण? बेडरूमला? ती मुलीला देऊ, आम्हाला काय, हॉल… साहेब, दाराचं विचारतेय मी… हॅलो?… हॅलो?

कापला.

चला आजोबा, आलाच तुमचा नंबर. या आत. आता उघडा तोंड.