आई ब्रह्मगिरीवर गेली तेव्हा

माझी आई कधी काही मागत नाही. पण मागच्या वर्षी वाळूजच्या कंपनीतली ड्युटी करून घरी आलो, तर म्हणाली, "मला ब्रह्मगिरीला ने. गंगेचा उगम बघायचाय."

मी चकितच झालो. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. तिचं माहेरचं गाव याच नदीवरच्या धरणात बुडालं, तेव्हापासून तिनं गोदावरीत पाय घातला नव्हता.

सत्तरीची बाई बसत-उठत डोंगर चढली. वर कुंडात थोडंसंच पाणी होतं. आई लई वेळ बघत राहिली.

"एवढीशीच हाय व्हय ही?"

पुजारी म्हणाले, "माय, माफी मागा. पापं धुतली जातील."

आईनं ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं.

"माफी मागाया नाय आले, महाराज. हिला माफ कराया आले."