आत असल्याचा दाखला

“दुसऱ्याचं बोलणं कानावर पडलं, तरी मनात ठेवू नये,” असं सासूबाई सांगायच्या. तो नेम परवा भरपाईच्या कचेरीतल्या रांगेत मोडला. माझ्यापुढे तुरुंगातून सुटून आलेला एक शिंपी होता आणि खिडकीतल्या कारकुनाशी भांडणारी त्याची थोरली बहीण.

“निर्दोष माणूस नऊ वर्षं डांबलात. हा घ्या निकाल. अजून काय हवं?”

“नऊ वर्षं आत होते, याचा दाखला लागेल, बाई.”

“मग तो काय मावशीकडे राहायला गेला होता?”

“निकालात निर्दोष लिहिलंय. आत होते, असं कुठे लिहिलंय?”

“वा रे शहाणे! आत टाकताना पुरावा लागला नाही तो!”

“तुरुंगातूनच आणा. ह्यांनी स्वतः जायचं.”

“ऐकलंस का रे? पुन्हा त्याच दारात पाठवतायत मेले!”

“हळू बोल, ताई. जातो मी.”

“तू? त्या रस्त्यालासुद्धा फिरकत नाहीस!”

“शेजारच्या कोठडीतल्या काकांना चष्मा आणून देतो म्हणालो होतो. महिनाभर तिकडे पाय वळत नव्हते.”

“आणि तिथे दारातच अडवलं तर?”

“तिथे ओळखतात गं मला. विचारतात ते इथेच.”

खिशातली चष्म्याची डबी चाचपून तो रांगेतून बाहेर पडला.