उलटा ठेका

वादक मेला की त्याला दोस्त फुटतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या चर्चबाहेर, अंत्यदर्शनाच्या रांगेत उभ्या इराइदासमोर, वारलेल्या बँडवाल्या चागोची मुलगी एका म्हाताऱ्याला अडवत होती.

“आजोबा, आत बाबांच्या बँडमधलेच वाजवणार.”

“पोरी, मी त्याच्याच बँडमध्ये ठेक्याची घंटा वाजवायचो!”

“सकाळपासून निम्मं ब्राँक्स हेच सांगतंय. आत गाणं चालू आहे, ठेका धरा बघू.”

म्हाताऱ्याने कठड्यावर काठी आपटली. टक-टक, टक-टक-टक.

“उलटा! आधी तीन, मग दोन! असं वाजवणाऱ्याला बाबा भर नाचात हाकलायचे.”

“मला हाकललंच की! वर ओरडला, ‘एलादियो, जा, पाव भाज!’”

“अगं बाई! पाववाला एलादियो तुम्ही? बाबा शेवटपर्यंत तुमच्या नावाने हसायचे!”

“मग सोडतेस आत?”

“या. पण ठेका उलटाच धरा. बाबांना ओळख पटायला हवी.”