आप्पांचा प्रश्न

खुर्चीचा विषय निघालाय म्हणून सांगतो, नाहीतर हे मी कुणाला सांगत नाही. घरून काम करून करून माझी कंबर धरली, तेव्हा मी आप्पांना, म्हणजे वडिलांना, घेऊन खुर्च्यांच्या दुकानात गेलो. आप्पा पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, तीस वर्षं मशीनपुढे उभे राहिलेले.

दुकानदार मला एकेका खुर्चीत बसवून समजावत होता, "देखो, ये कमर को पकडेगी, ये गरदन को." आप्पा लक्ष देऊन ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "शेठ, जो दिनभर खडा रहता है, उसके लिए क्या आता है?"

"काका, उसके लिए तो खटिया!" दुकानदार हसला. मीही हसलो, चांगला मोठ्यानं. आप्पाही हसले, पण जरा उशिरा.

खुर्ची घरी आल्यावर मी म्हणालो, "आप्पा, आधी तुम्ही बसा."

"नको भाऊ, तुझ्या मापानं घेतलीय ती."

माझी कंबर आता दुखत नाही. पण त्या दुकानात पन्नासेक खुर्च्या होत्या, आप्पा तासभर माझ्या बाजूला उभेच होते, आणि मी त्यांना एकदाही 'बसा' म्हणालो नाही.