मुलीकडचा खर्च

घटस्फोटाले किती लागते म्हणून विचारता, तर आमच्या अकोल्याच्या भाचीचं ऐका. कोर्टात भांडत बसायचं नाही, असं दोन्ही घरांनी ठरवलं अन् अमरावतीच्या एका मध्यस्थ वकीलबाईंकडे दोन-चार बैठकांत सारं मिटवलं.

शेवटी बाई म्हणाल्या, "आता माझी फी तेवढी राहिली."

झालं! भाचीचे बाबा, म्हणजे आमचे भाऊजी, त्यायचा हात लगेच खिशात. "आमी मुलीकडचे, आमीच देतो!"

समोर जावई अन् त्याचा बाप पंगतीत बसल्यासारखे निवांत.

भाचीनं बापाचा हात धरला. "बाबा, लग्न तुमी एकट्यानं लावून दिलं. आता मोडायचा खर्च तरी अर्धा त्यायले करू द्या."

मामा म्हणून माही छाती तिथंच फुगली. बाई हसू दाबून म्हणाल्या, "फी अर्धी-अर्धीच असते." जावयाच्या बापानं अर्धे पैसे काढले.

खाली उतरून सगळ्यांनी चहा घेतला. सवयीनं भाऊजींचा हात पुन्हा खिशाकडे गेला. पोरीनं नुसतं पाहिलं. भाऊजींनी तोच हात मिशीवरून फिरवला अन् व्याह्याले म्हणाले, "चहा तुमच्याकडून."